फसबजेट, फ्लिबर्टिजिबेट आणि देवळालीचा ताप

उंबरठा (धागाकर्ती)

सध्या जुनी इंग्रजी मासिकं, व्यंगचित्रं, लोकांची छापून आलेली पत्रं असलं बरंच वाचते आहे. त्यात किरकिऱ्या, चुळबुळ्या, धड स्वतः बसणार नाही नि दुसऱ्याला बसू देणार नाही अशा माणसांसाठी जी नावं भेटतात, त्यांची एक वहीच केली आहे. फसपॉट, फसबजेट, फडी-डडी, पर्निकेटी, डिदरर, वरीवॉर्ट, नर्व्हस नेली, फ्लिबर्टिजिबेट. यातली निम्मी आता तिकडेही आजी-आजोबांच्याच तोंडी उरली आहेत.

माझा लाडका शब्द फसबजेट. बजेट म्हटलं की आपल्याला अर्थमंत्री आठवतात, पण मूळ शब्द चामड्याच्या लहान थैलीचा आहे, फ्रेंच 'बूझेत'. १७३३ मध्ये ब्रिटनचा तेव्हाचा पंतप्रधान वॉलपोल याच्या करयोजनेची टर उडवणारं एक पत्रक निघालं, त्याचं नावच 'थैली उघडली' अशा अर्थाचं होतं. पुढे सरकारी हिशेबाला तो शब्द चिकटला. म्हणजे फसबजेट ही कटकटीने गच्च भरलेली थैली. हा अमेरिकन शब्द. इंग्लंडात थैलीऐवजी भांडं, म्हणून फसपॉट. 'पीनट्स' या चित्रमालिकेत १९५२ मध्ये लूसी आली आणि फसबजेट हे बिरुद तिने जवळजवळ स्वतःच्या नावावर करून घेतलं.

पण धागा काढावासा वाटला तो जनरल विन्फिल्ड स्कॉटमुळे. हा बाबा १८४१ ते १८६१ अमेरिकन सैन्याचा सरसेनापती होता. उंची सहा फूट पाच इंच. गणवेश, मानमरातब, सलामी, शिष्टाचार, कशातही ढिलाई खपायची नाही. त्याचं टोपणनाव पडलं 'ओल्ड फस अँड फेदर्स'. कटकट आणि पिसं! त्याच वेळी दुसरा जनरल झॅकरी टेलर गवती टोपी नि कसलेही कपडे घालून फिरायचा, तर त्याचं लाडाचं नाव 'ओल्ड रफ अँड रेडी'. दोघंही मेक्सिकोच्या युद्धात लढले. टेलर १८४९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला. स्कॉट १८५२ ला उभा राहिला आणि फ्रँकलिन पिअर्सकडून सपाटून हरला.

आणि मेक्सिको सिटी घेतली कोणी? मार्च १८४७ मध्ये वेराक्रूझच्या किनाऱ्यावर फौज उतरवून सप्टेंबरात राजधानीत शिरला तो हाच पिसंवाला. किनाऱ्यावर माणसं उतरवण्यासाठी खास होड्या त्याने आधीच बांधून घेतल्या होत्या. एवढी फौज समुद्रातून जमिनीवर आणायची तर पिठाच्या पोत्यापासून तोफगोळ्यापर्यंत कुणीतरी किरकिर करावीच लागते ना?

माझं म्हणणं असं की किरकिऱ्या माणसाला नाव ठेवणारा बहुधा तो असतो, ज्याला पसारा आवरावा लागत नाही. पटतंय का बघा. नसेल पटत तर भांडा. आणि असे जुने शब्द माहीत असतील तर टाका, पण नुसती यादी नको, त्यामागचं माणूस हवं.

चहाटळ

मी पहिली! मस्त धागा. आमच्या घरातल्या फसबजेटांचं आख्खं अधिवेशन भरेल. तूर्तास वाचतेय.

बखरवाचक

फ्लिबर्टिजिबेटबद्दल लिहितो. हा शब्द जुना आहे, पाचशे वर्षांच्या आसपासचा, आणि सुरुवातीला अर्थ होता वटवट करणारी व्यक्ती. बिशप लॅटिमरच्या १५४९ च्या प्रवचनात तो वेगळ्या स्पेलिंगने येतो. मोठ्याने उच्चारून पाहा, वटवट ऐकूच येते. मग १६०३ मध्ये सॅम्युएल हार्सनेट नावाच्या धर्मगुरूने भुतं उतरवणाऱ्या कॅथलिक पाद्र्यांचा पर्दाफाश करणारं पुस्तक लिहिलं. त्यात झपाटलेल्या लोकांच्या अंगातून निघालेल्या भुतांची नावं आहेत, त्यातलं एक फ्लिबर्टिजिबेट. शेक्सपिअरने ते पुस्तक वाचलं आणि भुतं उचलून थेट 'किंग लिअर'मध्ये घातली. वादळी रात्री वेड्याचं सोंग घेतलेला एडगर ज्या भुताच्या नावाने ओरडतो, ते हेच.

पुढे १८२१ मध्ये वॉल्टर स्कॉटने (तुमचा जनरल नव्हे, कादंबरीवाला) 'केनिलवर्थ'मधल्या एका वात्रट पोराला हे टोपणनाव दिलं. आणि मग चंचल, एका जागी न टिकणाऱ्या पोरींना ते चिकटून बसलं. वटवटीपासून भूत, भुतापासून पोरगी.

'किंग लिअर'मध्येच 'फिनिकल' सापडतो, फिनिकीचा थोरला भाऊ. केंट ऑस्वल्डला शिव्यांची लाखोली वाहतो त्यात. नको तितकी सेवा करणारा, नखरेल हरामखोर, असा त्याचा रोख. ऑस्वल्ड नोकर आहे हे लक्षात घ्या. म्हणजे उंबरठाताईंचा मुद्दा निदान इथे बरोबर बसतो: मालकाची मर्जी सांभाळणं हेच ज्याचं काम, त्याला फिनिकल म्हणणारा एक सरदार.

लीड्सकर

मी यॉर्कशायरात बरीच वर्षं आहे, त्यामुळे इथला माल टाकतो. इथे अजून धडधाकट जिवंत असलेला शब्द म्हणजे 'फॅफ'. काम पाच मिनिटांचं, पण माणूस आधी चष्मा शोधणार, मग पेन, मग पेन चालतं का ते बघणार, मग 'चहा टाकू का?' म्हणणार. त्याला म्हणतात 'स्टॉप फॅफिंग अबाउट'. उत्तरेकडच्या बोलीत नि स्कॉटलंडात जुना अर्थ वाऱ्याच्या झुळकांचा, फुसफुस वाहण्याचा. नुसती फुंकाफुंक आणि जाळ नाही.

दुसरा 'मायदर'. मँचेस्टरकडे जास्त. आई पोराला म्हणते, 'डोंट मायदर मी', म्हणजे माझ्यामागे भुणभुण लावू नकोस. आणि घरातलं कुणी विनाकारण काळजी करत असेल तरी ती व्यक्ती मायदर करते. भुणभुण करणारा आणि भुणभुणीने पिडलेला, दोघांना एकच क्रियापद.

तिसरा 'डिदर'. मूळ अर्थ थरथरणं. आता थरथर गेली, निर्णय न घेता येणं उरलं.

चौथा शब्द रोज ऐकतो नि रोज मनात हसतो, तो नाशिककरांसाठी राखून ठेवलाय. कुणी आहे का नाशिकचं?

गंधाली_क

कुणाच्याच लक्षात आलं नाही का? यादी पुन्हा वाचा. नर्व्हस नेली. तिच्या जोडीला यादीत नसलेल्या मिस नॅन्सी, मेडलसम मॅटी. आणि 'ओल्ड वुमन', 'ओल्ड मेड' तर उघडच. पुरुष किरकिर करायला लागला की इंग्रजी त्याला बाईचं नाव देऊन मोकळी होते. जनरल स्कॉटला निदान पिसं तरी मिळाली.

नर्व्हस नेलीची तर नोंदलेली केस आहे. फ्रँक केलॉग, १९२५ ते १९२९ अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री. अतिसावध, चिंताक्रांत म्हणून वॉशिंग्टनमध्ये त्याला नर्व्हस नेली म्हणत. याच माणसाने फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री ब्रियां याच्याबरोबर १९२८ चा करार घडवला, युद्ध हे धोरणाचं साधन म्हणून वापरणार नाही असं देशोदेशींकडून लिहून घेणारा. १९२९ चं शांततेचं नोबेल त्यालाच. आणि १९६६ मध्ये व्हिएतनामवरून देशात कुरबुर वाढली तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने शिकागोच्या भाषणात टीकाकारांना काय म्हटलं? नर्व्हस नेलीज. युद्ध नको म्हणणारा तो नेली. तेव्हा धागाकर्तीचं वाक्य मी थोडं वाढवते: नाव ठेवणारा पसारा आवरत नाही एवढंच नाही, बऱ्याचदा पसारा करणारा तोच असतो.

मोकळा_माणूस

प्रत्येक धाग्यात बायका-पुरुष आणलंच पाहिजे का? केलॉगच्या कराराने काय दिवे लावले ते १९३९ ला जगाने पाहिलं. सही करणाऱ्यांत जर्मनी, इटली, जपान तिघंही होते. मग नर्व्हस नेली म्हणणाऱ्यांचं काय चुकलं?

आणि किरकिर हा गुण आहे असं ठरवून टाकण्याचा हा जो सूर लागलाय तो मला मान्य नाही. पंगतीत बसून 'वरण जरा पुढे घ्या, मीठ जरा मागे घ्या' करणाऱ्या माणसाच्या शेजारी एकदा जेवा. तो कुठलंही मेक्सिको जिंकत नसतो.

गंधाली_क

@मोकळा_माणूस, मी आणलं नाही, त्यांनी नावातच घालून ठेवलंय. करार फसला हे खरं. पण दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर न्यूरेंबर्गला खटला चालला, तिथे 'शांततेविरुद्धचे गुन्हे' म्हणून जे आरोप ठेवले, त्यात याच कराराचा आधार घेतला होता. अगदीच वाया गेला नाही तो कागद.

पंगतीचं मात्र पटलं. त्या माणसाला मी ओळखते बहुतेक.

देवळाली_कॅम्प

@लीड्सकर, हजर! ओळखलं तुमचा शब्द कोणता ते. आयडीवरूनच कळलं असेल.

शब्द 'डूलाली'. इंग्लंडात कुणाचं डोकं फिरलं, कुणी सैरभैर झालं की 'ही हॅज गॉन डूलाली' म्हणतात. पूर्ण रूप 'डूलाली टॅप'. डूलाली म्हणजे आमची देवळाली आणि टॅप म्हणजे चक्क ताप. म्हणजे गावही आपलं नि ताप पण आपलाच, दोन्ही मिळून वेड मात्र गोऱ्याचं.

गोष्ट अशी. हिंदुस्थानात नेमलेल्या ब्रिटिश शिपायांची मुदत संपली की त्यांना देवळालीच्या छावणीत आणून ठेवत. जागा सोयीची. मुंबईहून जीआयपी रेल्वे थळ घाट चढून वर येते, इगतपुरीच्या पुढे आणि नाशिकरोडच्या आधी देवळाली. हवा चांगली, मुंबईच्या दमट उकाड्यापेक्षा लाखपट बरी. इथून मुंबई बंदर आणि बंदरातून बोटीने घर. पण फौजेच्या बोटी सुटायच्या साधारण नोव्हेंबर ते मार्च. ज्याची मुदत एप्रिलमध्ये संपली त्याने काय करायचं? पुढच्या हंगामापर्यंत बसायचं. कवायत नाही, काम नाही, पलटण मागे राहिली, घर पुढे, खिशात थोडे पैसे आणि बाहेर बाजार. आधी उन्हाळा, मग पाऊस. नाशिक जिल्ह्याच्या या पट्ट्यातला पाऊस ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको.

फ्रँक रिचर्ड्स नावाचा एक साधा शिपाई होता, रॉयल वेल्श फ्युझिलिअर्सचा. शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थान-ब्रह्मदेशात होता. त्याने १९३६ मध्ये आपल्या त्या नोकरीच्या आठवणी छापल्या. त्यात त्याने हे सगळं सांगितलंय: वर्षानुवर्षं निष्कलंक नोकरी केलेले शिपाई इथे वाट पाहता पाहता बिघडायचे. दारू, मारामाऱ्या, गुप्तरोग, शेवटी लष्करी तुरुंग. अधिकाऱ्यांच्या भाषणात येतो तो शिपाई वेगळा, आणि बोटीची वाट पाहणारा वेगळा.

तर सांगायचं हे की देवळालीत कुठलाही विषाणू नव्हता. होतं ते बोटींचं वेळापत्रक. ते लंडनमध्ये कुणीतरी शांत डोक्याने आखलेलं. नाव बदनाम झालं ते आमच्या गावाचं.

(अवांतर: मूळ देवळाली गाव वेगळं, ते नाशिकरोडला लागून. छावणी आहे भगूरच्या बाजूला, सावरकरांचं जन्मगाव ते भगूर. बाहेरचे लोक दोन्हीची नेहमी गल्लत करतात आणि रिक्षावाल्याशी भांडतात.)

चहाटळ

देवळाली_कॅम्प, हा प्रतिसादच वेगळा लेख व्हायला हवा होता. मला आजवर 'डूलाली' म्हणजे मुंबई-पुण्यातलं बिअर मिळतं ते ठिकाण एवढंच माहीत होतं.

लीड्सकर

अगदी बरोबर ओळखलंत. माझ्या हापिसात पन्नाशीपुढचे लोक सर्रास वापरतात. प्रिंटर डूलाली होतो, बॉस डूलाली होतो. हे एका गावाचं नाव आहे आणि तिथे माझी आत्या राहते असं सांगितलं तर कुणाचा विश्वास बसला नाही, नकाशा काढून दाखवावा लागला.

साठीतल्या लोकांना मात्र देवळाली नाव नीट माहीत असतं, कारण बीबीसीची एक विनोदी मालिका, १९७४ ते १९८१ चालली, ती सुरुवातीला देवळालीच्या छावणीतच घडते. दुसऱ्या महायुद्धात शिपायांचं मनोरंजन करणारी नाटकमंडळी. लिहिणाऱ्या दोघांपैकी जिमी पेरी स्वतः देवळालीत होता. आज ती मालिका सहसा दाखवत नाहीत, गोऱ्या नटाने भारतीय नोकराचं काम केल्यामुळे.

बखरवाचक

देवळालीच्या जोडीला फौजी इंग्रजीतला दुसरा आपल्याकडचा शब्द: 'जिल्डी', म्हणजे जल्दी. किपलिंगच्या १८९० च्या 'गंगा दिन'मध्ये शिपाई पाणक्यावर ओरडतो त्यात 'जुल्दी' आहे. किपलिंगचा जन्म मुंबईचा, १८६५ चा, तेव्हा कान तयार होता. इथे घाई कोणाला आणि धावायचं कोणी ते बघा. तहान लागलेला ओरडतो, पखाल घेऊन गोळ्यांतून धावतो तो पाणक्या. बेचैन माणसाला नाव नाही, त्याच्या बेचैनीला मात्र आपल्याकडून शब्द.

लाल_माती

आमी कोल्हापूरकडचे. इंग्रजीतलं फार कळत न्हाई पण एक शब्द आमच्या धंद्याचा हाय तो सांगतो. 'स्टिकलर'. नियमाचा स्टिकलर म्हणजे नियमावरनं किस पाडणारा माणूस, असंच ना? पण मुळात स्टिकलर म्हणजे कुस्तीतला पंच! इंग्लंडात कॉर्नवॉल म्हणून टोक हाय, तिथल्या कुस्तीत आजबी पंचाला स्टिकलरच म्हणत्यात. एका कुस्तीला तीन स्टिकलर. पैलवान कॅनव्हासचं जाकीट घालून उतरतो आणि पकड करायची ती त्या जाकिटालाच, कमरेखाली हात घालायचा न्हाई. दोन खांदे आणि दोन ढुंगणाची हाडं, ह्या चारातली तीन एकदम जमिनीला लागली पायजेत, तवा कुस्ती निकाली. एवढं बघायला तीन माणसं का लागत्यात ते आता ध्यानात आलं असंल.

आता मला सांगा, आखाड्यात 'खांदा टेकला का न्हाई' म्हणून वाकून वाकून बघणारा पंच किरकिरा का? त्यो नसला तर दोन गावांत डोकी फुटतील. भायेरच्याला वाटतंय उगं वेळ घालवतोय.

बखरवाचक

वा! शब्दाचा उगम 'व्यवस्था लावणे' या अर्थाच्या जुन्या क्रियापदात आहे. शेक्सपिअरच्या ट्रॉयलसच्या नाटकात रात्र दोन फौजांना स्टिकलरसारखी वेगळं करते. तिथे अजून पंचच आहे, किरकिऱ्या नाही.

याच जातीचा 'मार्टिनेट'. तो तर खरा माणूस, जाँ मार्टिने, चौदाव्या लुईच्या पायदळाचा निरीक्षक. कवायतीवर इतका जोर की त्याचं आडनाव इंग्रजीत कडक शिस्तीच्या छळवादाला पडलं. १६७२ मध्ये वेढ्याच्या लढाईत गेला, तोही आपल्याच बाजूच्या तोफगोळ्याने असं सांगतात. गोळा चुकून लागला की कसं, यावर सैनिकांनी काय काय चर्चा केली असेल ते तुम्हीच ठरवा.

मोकळा_माणूस

मार्टिनेने पसारा आवरला नाही असं म्हणता येईल का? आवरलाच. आणि त्याच्या हाताखालच्यांनी नाव ठेवलं तेही योग्यच. म्हणजे उंबरठाबाईंचं सूत्र इथे मोडलं. कधी किरकिर करणारा सोसतो, कधी बाकीचे सोसतात. हे ठरवायला त्याच्या हातात छडी आहे का ते बघायचं. छडी असेल तर मार्टिनेट, नसेल तर फसपॉट.

उंबरठा

@मोकळा_माणूस, हे आवडलं. पण मग स्कॉट कुठे बसतो? त्याच्या हातात छडी होती, तरी नाव फसचं पडलं. मला वाटतं त्याची पिसंच आड आली. निवडणुकीत त्याच नावाने लोक त्याला हसले. मार्टिनेला कोणी हसलं नसावं, निदान तोंडावर.

आकडेमोड

या धाग्यावर फ्रान्सिस गाल्टन नाही म्हणजे कमाल झाली. डार्विनचा नातलग, दिसेल ते मोजण्याचं त्याला व्यसन. १८८५ च्या 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात त्याचं एक टिपण आहे, विषय: चुळबुळीचं मोजमाप. एका कंटाळवाण्या सभेत बसला होता. वक्त्यात रस नव्हता म्हणून समोरच्या श्रोत्यांच्या हालचाली मोजायला लागला. साधारण पन्नास जणांच्या एका भागात मिनिटाला पंचेचाळीसच्या आसपास हालचाली, म्हणजे माणशी मिनिटाला जवळजवळ एक. मग वक्ता काही बरं बोलला की हा आकडा निम्म्यावर यायचा आणि हालचालही लहान, झटपट व्हायची. कंटाळा आला की लोक लांब झुकतात, सावकाश.

घड्याळ काढलं तर लोकांच्या लक्षात येतं म्हणून तो वेळ मोजायचा स्वतःच्या श्वासांवर, मिनिटाला पंधरा. वर सल्ला देतो की निरीक्षण मध्यमवयीनांचंच करा. मुलं कधी स्थिर नसतात आणि म्हातारे तत्त्ववेत्ते मिनिटं-मिनिटं हलतच नाहीत.

धाग्याशी संबंध एवढाच: आपण चुळबुळणाऱ्याला फिजेट म्हणतो, गाल्टनच्या वहीत मात्र गुण मिळाले वक्त्याला. (गाल्टनने पुढे माणसांच्या पैदाशीबद्दल जे मांडलं ते भयंकर आहे, त्याचं कौतुक म्हणून हे लिहिलेलं नाही.)

चहाटळ

हे मी पुढच्या सोसायटीच्या सभेत करून बघणार. श्वास मात्र आमच्या सचिवांच्या भाषणात मिनिटाला पंचवीस होतात.

दोनपोरांची_आई

फिजेटवरून 'फिजेटी फिलिप'. फ्रँकफर्टचा डॉक्टर हाइनरिश हॉफमन, त्याला तीन वर्षांच्या मुलासाठी नाताळला चित्रांचं चांगलं पुस्तक मिळेना म्हणून १८४४ मध्ये स्वतःच वही रंगवून दिली. पुढच्या वर्षी ती छापली आणि १८४८ मध्ये इंग्रजीत आली. त्यात हा फिलिप जेवणाच्या टेबलावर खुर्ची मागे-पुढे झुलवतो, तोल जातो, टेबलक्लॉथ धरतो आणि ताटं, सूप, पाव सगळं घेऊन आडवा होतो. वडील संतापलेले, आई गप्प. जर्मनीत आजही अतिचंचल मुलाला फिलिपचं नाव देतात, एडीएचडीला बोलीभाषेत 'त्सापेलफिलिप' म्हणतात.

माझ्या धाकट्याला शाळेत 'वळवळ्या' नाव पडलंय. बाईंनीच पाडलं. नावं गमतीदार असतात हे मान्य, पण सात वर्षांच्या पोराला ती घरी घेऊन यावी लागतात. त्याला तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं की वर्गात किती मुलं आहेत आणि खेळाचा तास आठवड्यातून किती वेळा.

देवळाली_कॅम्प

@दोनपोरांची_आई, डॉक्टर चांगले भेटले. शिपायांच्या बाबतीत हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

चहाटळ

मीही एक शोधून आणलाय, मला पण खेळायला घ्या. 'वरीवॉर्ट'. आता अर्थ काळजीने पोखरलेला माणूस. पण उगम जे. आर. विल्यम्सच्या चित्रमालिकेत, जी १९२२ ला सुरू झाली. त्यातला वरीवॉर्ट हे एक द्वाड पोरगं होतं आणि ते स्वतः काळजी करत नव्हतं, बाकीच्यांच्या डोक्याला ताप देत होतं! म्हणजे आधी त्रास देणाऱ्याचं नाव, नंतर ते त्रास होणाऱ्याला चिकटवलं. नाव ठेवणाऱ्यांनी आरोपी नि फिर्यादीची अदलाबदल करून टाकली.

गंधाली_क

+१. हे तर माझ्या मुद्द्यापेक्षा भारी निघालं.

पानगळ

उशिरा आले. 'मिसेस ग्रंडी' कोणी घेतली नाही? टॉमस मॉर्टनचं १७९८ चं एक विनोदी नाटक. त्यात डेम ॲशफील्ड नावाची शेतकऱ्याची बायको येता-जाता म्हणते, मिसेस ग्रंडी काय म्हणेल? लोणी कसं झालं, मुलीचं लग्न कुठे, मिसेस ग्रंडी काय म्हणेल? आणि ही मिसेस ग्रंडी संपूर्ण नाटकात रंगमंचावर येतच नाही. तरी शंभर-दीडशे वर्षं इंग्रजीत सोवळ्या, नाकं मुरडणाऱ्या समाजाचं नाव तेच होतं.

आपल्याकडे 'लोक काय म्हणतील' यातले लोकही असेच. सत्यनारायणाला कधी दिसले नाहीत.

धागाकर्तीच्या सूत्रात ही कुठे बसवायची ते मला कळत नाही, कारण किरकिर ॲशफील्डबाई करते आणि नाव पडतं न आलेल्या बाईला. बिचारीने कदाचित लोणी आवडीने खाल्लं असतं.

मोकळा_माणूस

मराठी शब्द कुणी मागितले नव्हते, पण एक टाकतोच, नंतर उडवा हवं तर. बेचैन माणसाला इंग्रज म्हणतात तापलेल्या विटांवरचं मांजर, अमेरिकन म्हणतात तापलेल्या पत्र्यावरचं मांजर. आपण म्हणतो पाय पोळलेलं मांजर. तिकडे अजून विटा तापलेल्या आहेत, मांजर उड्या मारतंय. आपल्याकडे पोळून झालंय, आणि तरी ते हिंडतंय. आपलं मांजर जास्त खरं वाटतं.

उंबरठा

ठेवते, उडवत नाही. यादी मागितली नव्हती तर माणसंच जास्त आली. बरं झालं. बखरवाचक, पर्निकेटीबद्दल काही?

बखरवाचक

विशेष नाही. नको तितक्या चिकित्सक माणसासाठीचा स्कॉटलंडचा शब्द, अमेरिकेत गेल्यावर मध्ये एक 'स' घुसला आणि पर्स्निकेटी झाला. उगम कुणी ठामपणे सांगितला तर विश्वास ठेवू नका. मुळमुळीत, गुळचट अशा अर्थाच्या नॅम्बी-पॅम्बीचं मात्र जन्मवर्ष माहीत आहे, १७२५. ॲम्ब्रोज फिलिप्स नावाच्या कवीने बड्या घरच्या लहान मुलांवर गोडगोड कविता लिहिल्या, हेन्री कॅरीने त्याच्या नावाचाच बोबडा उच्चार करून विडंबन लिहिलं. कॅरी फारसा कुणाला आठवत नाही, फिलिप्सही नाही, बोबडा उच्चार टिकला.

लीड्सकर

@लाल_माती, कॉर्नवॉलची कुस्ती प्रत्यक्ष पाहिलीय का? उन्हाळ्यात तिकडे गावच्या जत्रांत फड भरतात. मी सुट्टीत जाणार आहे, फोटो काढून आणतो.

लाल_माती

पाहिली न्हाई, व्हिडिओत बघितली. जावा आणि स्टिकलर वाकून बघतो त्यो फोटो आणा. जाकीट धरून टांग कशी मारत्यात ती बी बघा, आपल्याकडं लंगोटावर त्यो डाव बसत न्हाई. मी कुस्तीचा वेगळा धागा काढतो, फोटो तिथं टाका, हितं ह्या लोकांचं शब्दांचं चालू दे.